घरचं माणूस सांगेल तेव्हा

वलगाव
रविवार, ८ ऑक्टोबर २०१७

बेटा कहकशाँ,

सलाम आणि दुआ.

आधी महत्त्वाचं लिहितो. श्याम वानखडे जिवंत आहे. मोईजमामूने तुला हे सांगितलं असेलच, तरी माझ्या हातानेही लिहावंसं वाटलं. तुझा फोन शुक्रवारपासून बंद लागतो. म्हणून हे पाकीट अकोला गाडीच्या कंडक्टरजवळ देतो आहे, मामूच्या दुकानाच्या पत्त्यावर. इतकी वर्षं पेपरला बातम्या अशाच पाठवल्या. घरचं पत्र असं पाठवायची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी इथे काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. मी सांगतो. रागावून लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जुम्याची नमाज पढून निघालो तर पिठाच्या गिरणीजवळ गर्दी. प्रत्येकाच्या हातात तुझा व्हिडिओ. अकोल्याच्या दवाखान्याचा वॉर्ड, दारातून काढलेला. खाटेवर माणूस, तोंडावर दुपट्टा ओढलेला, शेजारी एक बाई रडते आहे. वर तुझा आवाज, भरून आलेला: ‘आमच्या वलगावचे श्यामभाऊ वानखडे. अकोटकडे फवारणीला गेले होते. तेही गेले.’

मी घरी आलो, कागद आणि पेन घेतला आणि श्यामच्या आईकडे, गोदाबाईंकडे गेलो. निधन वार्ता लिहायला. तुला माझी रीत माहीत आहे. कुणी गेलं की मी त्यांच्या अंगणात जाऊन बसतो आणि घरचं माणूस सांगेल तेव्हाच लिहितो. पूर्ण नाव, वय, त्यांच्या पश्चात कोण कोण. लहानपणी तू मला विचारायचीस, पश्चात म्हणजे काय, अब्बू?

अंगणात बाया जमल्या होत्या. गोदाबाई ओसरीवर बसून होत्या, रडत नव्हत्या. श्यामची बायको आशा भिंतीला टेकलेली. तिचं कुंकू पुसलेलं होतं आणि मनगटावर काच लागून रक्त आलं होतं. पार्बताबाई बांगड्यांचे तुकडे सुपात गोळा करत होत्या. एरवी देह दारात आल्याशिवाय बांगड्यांना कोणी हात लावत नाही. पण फोनमध्ये देह दिसला होता. बायांच्या लेखी तो दारात आलाच होता.

मला पाहून पार्बताबाई म्हणाल्या, “लिवा जैनूभाऊ. काय लिवाचं ते लिवा.”

मी नेहमीसारखं विचारलं, “घरच्यांपैकी कोणाले फोन आला? कोणी सांगतलं?”

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. मग गोदाबाई म्हणाल्या, “तुह्याच पोरीनं तं सांगतलं ना, बाप्पा.”

माझा पेन तसाच राहिला. मी अंगणाबाहेर येऊन मोईजला फोन लावला आणि म्हणालो, दुकान सोड, वॉर्डात जा, खाटेजवळ जाऊन पाहा. तो गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. “जीजाजी, ये तो चाय पी रहा है! बिस्कुट भी मांग रहा.”

विषावरच्या इंजेक्शनाने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणे, उजेड सोसत नाही. म्हणून श्यामने दुपट्टा तोंडावर घेतला होता. ती रडणारी बाई शेजारच्या खाटेची.

मी आत जाऊन सांगितलं. गोदाबाई तेव्हा रडल्या. रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, “खोटी खबर उठली का माणसाचं आयुष्य वाढते.” बायांनीही मान डोलावली. कोणीतरी कुंकवाचा करंडा आणला. पण आशाने हात वर केला आणि त्यांना थांबवलं. तिने नुसतंच सुपातल्या तुकड्यांकडे पाहिलं.

बेटा, उतरवलेलं कुंकू परत कसं लावायचं, हे त्या अंगणात कोणालाच माहीत नव्हतं.

दारातला चौकीदार तुला हाकलत होता, हे व्हिडिओत ऐकू येतं. तू घाईत होतीस. तुझं रडणंही खरं होतं. श्यामच्या सायकलवर बसून तू शाळेत गेली आहेस. पण तू खाटेजवळ गेली नाहीस.

फोन सुरू कर. निदान अम्मीसाठी.

तुझा,
अब्बू

*

वलगाव
गुरुवार, १२ ऑक्टोबर २०१७

बेटा,

मामूच्या हातची तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ: ‘व्हिडिओ काढून टाकला आहे, आता काय करू?’ चिठ्ठी मराठीत आहे हे पाहून बरं वाटलं. मला उर्दू वाचता येते, लिहिताना हात अडखळतो. आपण दोघंही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतलेच.

तू विचारलंस म्हणून सांगतो. काढून टाकणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. पूर्वी आमच्या पेपरात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्तीची चौकट यायची. ज्याने चूक वाचली त्याच्याच डोळ्यांखालून दुरुस्ती गेली पाहिजे, असं जुने संपादक म्हणायचे. तुझ्या पेजवरून व्हिडिओ गेला. पण ज्यांनी तो आपल्या फोनमध्ये ठेवला, पुढे पाठवला, त्यांच्याकडचा कसा जाणार? काल तिवस्याहून मला एका ओळखीच्या वार्ताहराचा फोन आला: “जैनूभाऊ, वानखड्यांची निधन वार्ता तुमच्याकडून आली नाही अजून?”

बकरी ईदला तू जेवणावरून उठून गेलीस, ते मनातून जात नाही. तू म्हणालीस, “अब्बू, तुमच्या पेपरात गरीब माणसाचं नाव मेल्यावरच येतं, तेही निधन वार्तेत.” मी म्हणालो, हा पेशा नाही, फोनवरचा तमाशा आहे. त्यानंतर तू ‘बांधावरून’ या तुझ्या पेजवर काय काय दाखवलंस ते मी पाहिलं नाही, असं अम्मीला सांगत आलो आहे. ते खरं नाही. गिरणीवर पाहतो. फवारणी करणाऱ्या मजुरांचे ते सगळे व्हिडिओ मी पाहिले. ज्याला तोंडाला बांधायला फडकंही दिलं नव्हतं, त्याचा तर दोनदा पाहिला.

पेपरचं एक काम अंगावर आलं आहे. त्याचं नंतर लिहीन, फार मोठं नाही.

अम्मी बांगड्यांची पेटी घेऊन बाजाराला जाते, तशी जातेच आहे. काही बाया हल्ली दुसऱ्या दुकानाकडे वळतात. तिला त्याचं काही नाही असं ती म्हणते.

श्याम दिवाळीआधी घरी येईल असं डॉक्टर म्हणाले. दुआ कर.

अब्बू

*

वलगाव
शुक्रवार, २० ऑक्टोबर २०१७

बेटा कहकशाँ,

श्याम घरी आला. अंगाने अर्धा राहिला आहे, उन्हात डोळे मिटून चालतो, पण चालतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिवस्याचा त्याचा साडू सांत्वनाला आला. दार श्यामनेच उघडलं. साडू उंबऱ्यावरच थिजला. श्याम म्हणाला, “या ना भाऊ, बसा. मीच मेलो होतो.” सगळा मोहल्ला हसला. मीही हसलो.

आशा मात्र हसली नाही.

आज पाडवा, आपल्याकडचं गायगोधन. सकाळी गावातल्या गाई रंगवून, झुली घालून निघाल्या, बाया ओवाळायला दारात उभ्या होत्या. आशा आत होती, रिकाम्या मनगटांनी. कपाळही रिकामं. नवरा ओसरीवर बसून फुटाणे खातो आहे आणि बायको आत तशी. गोदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं आहे. श्यामने स्वतः करंडा हातात घेतला, तर ती त्याच्यावरच ओरडली, “तुमी गप ऱ्हा! तुमाले काय समजते?”

मग गोदाबाईंनी अम्मीला बोलावणं पाठवलं. अम्मीने हिरव्या रेशमी बांगड्या घेतल्या, आशाच्या मापाच्या. माप तिला लग्नापासून पाठ आहे. मी बाहेर ओसरीवर श्यामजवळ बसलो. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

अम्मी म्हणाली, “हात दे, बेटा. सण आहे. आजच्या दिवशी हात सुना नसतो ठेवत.”

“चाची, तुमच्या हातानं नाई.”

“मग कोणाच्या?”

“जिच्यापाई फुटल्या, तिनंच भराव्या. जिनं सांगतलं मेला, तिनंच येऊन सांगावं जिता हाय.”

गोदाबाई मधे पडल्या. “अवं, समोर बसला हाय ना तो जिता! लेकराची चूक झाली. काहून धरून बसली?”

तेव्हा आशा जे बोलली, ते तसंच लिहितो.

“मले दिसते आत्या, तो जिता हाय. पण ज्याच्या त्याच्या मोबाईलात माहा नवरा मेलेलाच हाय. परवा बाजारात एका बाईनं माह्यासाठी वाट सोडली. अंगाले लागू नाई म्हणून. मी कोणाकोणाले सांगू? तिनं सांगावं. ज्यायनं ते पायलं, त्यायले हेबी पाहू दे.”

बेटा, जुन्या संपादकांची दुरुस्तीची गोष्ट मी तुला मागच्या पत्रात लिहिली. ती आशाने कधी ऐकलेली नाही.

अम्मी बांगड्या परत घेऊन आली.  घरी आल्यावर त्या तिने पेटीत ठेवल्या नाहीत, कपाटात वेगळ्या ठेवल्या. विकायच्या नाहीत म्हणाली.

तू येशील का? मी हुकूम करत नाही. विचारतो आहे.

अब्बू

*

वलगाव
गुरुवार, २ नोव्हेंबर २०१७

बेटा,

तुझं मोठं पत्र आलं. असरच्या नमाजापासून मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत, मी ते घेऊन मशिदीच्या ओट्यावर बसून होतो.

तू लिहितेस, माफी मागायला लाज नाही वाटत. भीती वेगळीच आहे. तू चूक कबूल केलीस तर फवारणीचे औषधवाले म्हणतील, पाहा, सगळेच व्हिडिओ खोटे. वॉर्डातल्या बाकीच्या माणसांचं खरं असलेलंही खोटं ठरेल. आणि तू लिहितेस, वॉर्डातले लोक तुला रोज बोलावतात, ‘ताई, आमचं कोणी घेत नाही’ म्हणतात. तू त्यांच्याकडे गेली नाहीस, पेज बंद करून बसली आहेस.

तुझी भीती खोटी नाही. म्हणून आता ते पेपरचं काम सांगतो, जे मी लपवलं.

फवारणीच्या विषबाधेची बातमी मी पावसाळ्यात एकदा नाही, तीनदा पाठवली. मजुरांची नावं, गावं, कोण कोणत्या दवाखान्यात, सगळं. माझ्या पद्धतीने, घरोघर जाऊन. छापून आली तेव्हा आतल्या पानावर एवढीशी होती, नावं गाळलेली, आणि खाली कीटकनाशकाची रंगीत जाहिरात. मी तुला हे ईदला सांगायला हवं होतं. त्याऐवजी तमाशा म्हणालो.

तुझा व्हिडिओ चुकला त्याच्या पुढच्या आठवड्यात खुशालरावांचा फोन आला. आमच्या गावपानाचे संपादक. मला ते वीस वर्षांपासून ओळखतात, कधी स्वतः फोन करत नाहीत. म्हणाले, “जैनुद्दीनजी, जिवंत माणसाला फेसबुकने मारलं. पहिल्या पानाची बातमी आहे. तुमच्याच गावची. करा झकास.”

मी विचारलं, “फवारणीचीही छापणार का? सोबत?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं? तो वॉर्डात होता कशापायी?”

 मग म्हणाले, “ती पोरगी तुमची आहे, असं कानावर आलं. तुम्ही बाप म्हणून बोलून राहिले.”

मी त्यावर खूप विचार केला. कदाचित त्यांचं खरं असेल. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी ती बातमी लिहिली असती आणि चांगली लिहिली असती. बाप म्हणून नाही लिहिली. मग वार्ताहर म्हणून माझ्या हातात राहिलं काय? मी त्यांना सांगितलं, माझं नाव काढा. वार्ताहराचं कार्ड आणून देतो.

याचं वाईट वाटून घेऊ नको. हल्ली ते बातमीपेक्षा जाहिरात किती आणली तेच विचारायचे. अम्मीच्या पेटीवर घर चालतं आहे, पुढेही चालेल.

तुझ्यामुळे अकोल्यात काय झालं ते मोईज सांगतो. तुझे व्हिडिओ फिरल्यावर मोठे साहेब वॉर्डात आले, जादा डॉक्टर आले, बांधावर मास्क वाटले गेले. माझ्या बातम्यांनी यातलं काही झालं नाही. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे, जपून ठेव.

पण आशाच्या हातावर काच नाही, हेही तुझ्यामुळेच. दोन्ही तुझंच आहे. एक घेऊन दुसरं टाकता येणार नाही.

मौलवीसाहेब एकदा बयानात म्हणाले होते, खबर ही अमानत आहे. कुणी आपल्याजवळ ठेवायला दिलेली वस्तू आपण तडा जाऊन परत करतो का? आणि तडा गेलाच, तर लपवून देतो का, की दाखवून देतो?

औषधवाले तुला खोटी म्हणतील. म्हणू दे. चूक झाल्यावर जी दारात येऊन सांगते, तिचं पुढचं बोलणं लोक ऐकतात. हे मी या धंद्यात शिकलो, आणि पेपरात चौकटी येणं बंद झालं तेव्हा अजून नीट शिकलो.

येशील तर १२ तारखेच्या रविवारी ये. बाजाराचा दिवस नसतो, गोदाबाई घरी असतात. मी तेव्हा अमरावतीला कार्ड द्यायला जाणार आहे. मुद्दामच. मी तिथे उभा असलो तर लोक माझ्याकडे पाहून तुझ्याशी गोड बोलतील. तसं नको.

कपाटातल्या बांगड्या अम्मीकडे आहेत.

अब्बू

*

वलगाव
रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

बेटा कहकशाँ,

तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस आणि मी घरी आलो तेव्हा चहाचे कप अजून तसेच होते. भेट झाली नाही. पण मी तुला आज पाहिलं, ते कसं, ते तुला माहीत नाही. म्हणून लिहितो.

कार्यालयात रविवारचं कोणी नव्हतं. शिपायाजवळ कार्ड दिलं. तो म्हणाला, “पावती पायजे का?” मी म्हणालो, नको. मग बस स्टँडवर आलो. तिथे भिंतीवर आपल्या पेपरची पत्र्याची पेटी होती, आठवते? जिल्ह्याभरचे वार्ताहर गाडीतून उतरले की तिच्यात पाकिटं टाकायचे. लहान होतीस तेव्हा मी तुला उचलून धरायचो आणि पाकीट तू टाकायचीस. पेटी नाही आता. खिळ्यांची भोकं आहेत आणि तेवढाच भिंतीचा रंग गडद आहे.

इंदूबाईंच्या चहाच्या टपरीवर बसलो. त्या मला तरुणपणापासून ओळखतात. त्यांचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. अचानक म्हणाल्या, “बाप्पा! जैनूभाऊ, हे तं तुमच्या वलगावचं. अन् हे तुमची नाई काय?”

मी चष्मा काढून पुसला.

वर ‘बांधावरून’, वलगाव आणि तुझा फोटो, खाली थेट चालू असलेला व्हिडिओ. सुरुवातीला बराच वेळ फक्त तुळशीवृंदावन आणि गोदाबाईंची बकरी दिसत होती. त्यावरून कळलं की फोन अम्मीच्या हातात आहे. मग तुझा आवाज आला, “अम्मी, इकडे.” आणि तू दिसलीस. आशासमोर खाली बसलेली, डोक्यावर ओढणी.

आशा म्हणाली, “आंधी नाव सांग तुवं.”

तू नाव सांगितलंस. गाव सांगितलंस. कोणाची मुलगी ते सांगितलंस. मग म्हणालीस, “मी सांगितलं होतं, श्यामभाऊ गेले. ते चूक होतं. मी दारातून पाहिलं, खाटेजवळ गेले नाही, घरच्यांना विचारलं नाही. श्यामभाऊ हे इथे आहेत.”

श्याम पुढे आला, उन्हाने डोळे किलकिले करून. टपरीवर तोपर्यंत माणसं जमली होती. परतवाड्याच्या गाडीचा कंडक्टर, ज्याने माझी कितीतरी पाकिटं आणली असतील, एकदम बोलला, “अरे, हा तं मेला होता!” त्याच्याही फोनमध्ये तो जुना व्हिडिओ होता. त्याने तिथेच आपला फोन काढला, जुना व्हिडिओ शोधला, दोन्ही चेहरे शेजारी धरून पाहिले आणि अंगठ्याने जुना पुसून टाकला. नंतर नवा मागून घेतला. बेटा, चौकट त्याच वाचकाच्या डोळ्यांखालून गेली. मी ते पाहिलं.

मग तू बांगड्या घेतल्यास. अम्मीने तुला कितीदा शिकवायचं म्हटलं होतं आणि तू पुस्तकं घेऊन पळायचीस, ते मला आठवलं. आशाचा हात तू दाबलास, अंगठ्याचं हाड आत घ्यायला जमेना. आणि पहिलीच बांगडी तडकली.

गोदाबाईंचा “अगं माय!” टपरीपर्यंत ऐकू आला. इंदूबाईंच्या हातातलं चहाचं गाळणं तसंच हवेत. तुझा चेहरा पडला तो मी पाहिला. एवढा तर बकरी ईदलाही पडला नव्हता.

आशाने हातातला तुकडा उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, “घे दुसरी. फोडाची तं सवयच हाय तुले.”

अंगण हसलं. टपरी हसली. तूही हसलीस, नाक ओढत. अम्मी हसली असणार, कारण फोन पुन्हा बकरीकडे गेला.

दुसरी गेली. मग एकेक गेल्या. आशाने हात हलवून पाहिला. गोदाबाईंनी करंडा पुढे केला, तेव्हा तिने यावेळी हात वर केला नाही. कपाळ पुढे केलं. कुंकू त्या लावायला लागल्या, तेव्हा तू फोन बंद करायला सांगितलंस. ते बरं केलंस. तेवढं त्यांच्या घरचं.

रात्री श्याम स्वतः घरी आला होता, तुझ्यासाठी आणलेली सीताफळं घेऊन. तू निघून गेलीस म्हणून नाराज झाला. म्हणाला, “तिले सांगजा, वॉर्डात माह्या बाजूच्या खाटेवरचा माणूस अजून तिथंच हाय. त्याचं कोणी घेतलं नाई.” त्याची बायको त्या दिवशी रडत होती, तीच. जा तिच्याकडे. खाटेजवळ बस. नाव विचार, गाव विचार, घरी फोन लाव. मग बोल. चौकीदार हाकलेल. तर उद्या परत जा.

आता एक काम. श्यामबद्दल मी त्या शुक्रवारी लिहायला गेलो होतो तो कागद अजून माझ्या खिशात होता, वर नुसतं नाव लिहिलेला. आज तो पुरा केला. टाकायला पेटी नाही, म्हणून तुला पाठवतो. तुझ्या ‘बांधावरून’वर जागा असेल तर घाल. घातलीस तर जशी आहे तशी घाल, मधलं काही गाळू नको.

श्याम वानखडे

वलगाव, ता. १२: येथील फवारणी मजूर श्याम वानखडे हे हयात आहेत. फवारणीच्या विषबाधेने ते अकोला येथे दवाखान्यात दाखल होते. त्यांच्या निधनाचे पूर्वी प्रसिद्ध झालेले वृत्त चुकीचे होते. त्यांची प्रकृती सुधारत आहे. त्यांच्यासोबत आई गोदाबाई, पत्नी आशा व मोठा आप्तपरिवार आहे. ही माहिती त्यांच्या घरच्यांनी दिली.

— वार्ताहर, वलगाव